शरणपूरच्या मुलांनी समुद्रापलीकडे वसविलेले गाव



सुरगाण्याहून वणी-दिंडोरीच्या वाटेने नासिकास गेलेल्या प्रत्येकाच्या कानावर शरणपूर रोड हे नाव कधी ना कधी पडलेले असते. कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी पुस्तकांच्या खरेदीसाठी, कोणाचे आईबाप द्राक्षांच्या हंगामात मजुरीस जातात. आणि शहरात शिरल्यावर त्या रस्त्याचा पत्ता विचारण्याची वेळ बहुधा येतेच. परंतु रस्त्यास हे नाव ज्या वस्तीवरून पडले ती वस्ती कोणाची, तेथे कोण मुले शिकत होती, आणि शिकून ती कोठे गेली, हे विचारणारा मात्र विरळा. मीही पुष्कळ वर्षे विचारले नव्हते.

हा विषय सुचण्यास कारण झाला तो वर्गातील एका विद्यार्थ्याचा प्रश्न. परदेशातील विद्यार्थी सुट्टीत गरीब देशांत जाऊन शाळा, विहिरी, घरे बांधून देतात, असे त्याने वर्तमानपत्रात वाचले होते. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, ते लोक इकडे येतात हे समजले, पण आपल्या बाजूचे विद्यार्थी कधी समुद्र ओलांडून दुसऱ्याचे गाव बांधावयास गेले आहेत काय?” वर्गात थोडा हशा पिकला. मलाही त्या क्षणी उत्तर देता आले नाही. उत्तर मिळाले ते पुढे, जुन्या पुस्तकांत; आणि ते आपल्याच जिल्ह्यात होते.

परदेशी जाऊन स्वतःच्या हातांनी गाव उभारून देण्याची जी रीत आज सर्वत्र दिसते, तिचा आरंभ सामान्यतः पियेर सेरेसोल या स्विस इंजिनियरापासून सांगतात. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, त्याने काही सोबत्यांसह फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात घरे उभारण्याचे काम आरंभिले. ता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भयंकर भूकंप झाला, तेव्हा हाच गृहस्थ हिंदुस्थानात येऊन तेथील शेतकऱ्यांबरोबर माती खणू लागला. ही सेवा थोर खरी. परंतु तिच्या कितीतरी आधी, १८७४-७५ साली, नासिकच्या शरणपुरातून सुतार, लोहार, गवंडी, शिक्षक असे तरुण बायकामुलांसह निघाले, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासा बेटासमोर त्यांनी एक गाव वसविले. त्या गावाचे नाव फ्रियरटाऊन.

हे तरुण जन्माने आपल्याकडचे नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. ते आफ्रिकेत जन्मले होते. गुलाम म्हणून विकले गेले होते. आणि मराठी मुलखात वाढले होते. त्यांची हकीकत ऐकताना मन विषण्ण होते. न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखातून, तसेच इतर प्रांतांतून, गुलामांचे व्यापारी माणसे पकडून किनाऱ्यावर आणीत. झांझिबार, ज्यास आपले जुने लोक जंगबार म्हणत, तेथे गुलामांचा मोठा बाजार भरे. तेथून बगल्यांत कोंबून ती माणसे अरबस्तान व इराणच्या आखाताकडे नेली जात. इंग्रजी आरमाराची जहाजे वाटेत या बगल्या अडवीत. परंतु सुटलेल्या माणसांचे पुढे करावयाचे काय? ज्या मुलाला सहाव्या-सातव्या वर्षी उचलून नेले त्याला आपल्या गावाचे नाव तरी नीट आठवते काय? आणि आठवले तरी तेथपर्यंत पोहोचविणार कोण? म्हणून त्यांना एडन, मुंबई, सेशेल्स अशा बंदरांत उतरविण्यात येई. मुंबईस उतरलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले सरकारने मिशनांच्या स्वाधीन केली.

चर्च मिशनरी सोसायटीचे नासिक येथील काम १८३२ पासून चालत होते. रे. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास शहराबाहेर पश्चिमेस ख्रिस्ती लोकांची व अनाथांची एक वस्ती स्थापिली. शरण आलेल्यांचे पुर, म्हणून शरणपूर. १८६० च्या सुमारास तेथे सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम निघाला. मुलांना वाचन, लेखन, गणित व शास्त्रपाठ शिकवीत. आणि त्याबरोबरच प्रत्येकाला एखादा धंदा शिकावा लागे. कोणी भाता ओढून ऐरणीवर लोखंड ठोकावे, कोणी रंधा व करवत चालवावी, कोणी दगड घडवावा. पुस्तकी विद्येबरोबर हाताची विद्या देणारी अशी शाळा त्या काळी आपल्या प्रांतात क्वचितच होती. आपल्या सुरगाण्यात तेव्हा देशमुखांचे लहानसे संस्थान होते (ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले), आणि येथील मुलांना शाळा म्हणजे काय हे ठाऊक होण्यास अजून फार अवकाश होता, हे मनात आणले म्हणजे शरणपूरच्या त्या कारखान्याचे महत्त्व कळते.

या मुलांचे नाव प्रथम जगापुढे आले ते प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्यामुळे. १८६५ साली तो मुंबईस आला असता शरणपुरास गेला, आणि आपल्या शेवटच्या सफरीसाठी त्याने तेथून नऊ तरुण निवडले. १८६६ च्या जानेवारीत ‘थुले’ नावाच्या जहाजाने तेवीस दिवसांचा प्रवास करून ही मंडळी झांझिबारास पोहोचली. इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असाच येतो. लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत त्यांच्या मंदपणाबद्दल तक्रारी लिहिल्या आहेत. त्या काही अंशी खऱ्याही असतील. परंतु त्याच सफरीतील मुंबईचे शिपाई त्यास अर्ध्या वाटेत परत पाठवावे लागले, आणि जोहाना बेटाचे लोक तर त्यास टाकून पळाले व “साहेब मेला” अशी खोटी बातमी घेऊन किनाऱ्यास आले. नासिकच्या नऊंपैकी सर्वच काही शेवटपर्यंत टिकले नाहीत, तथापि काही टिकले. आणि १८७२ साली त्याच शाळेचे आणखी काही तरुण त्यास जाऊन मिळाले. त्यांतच जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. तेव्हा सुसी, चुमा आणि नासिकचे हे तरुण यांनी ठरविले की, प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यावयाचेच. काळीज तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकबाने शास्त्रातील प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. नंतर मीठ लावून व उन्हात वाळवून ते प्रेत कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळले, आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवून १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयो बंदरास आणले. त्याच वर्षी ता. १८ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, त्या वेळी शवपेटीचा मान असलेल्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. मला मात्र त्यानंतर काय झाले, हेच अधिक विचार करण्याजोगे वाटते. कारण एक प्रेत वाहून नेणे हे महिन्यांचे काम आहे, आणि एक गाव वसविणे हे आयुष्याचे.

सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. शरणपूरची शाळा त्यांच्या परिचयाची होती. पुढे झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविषयी बोलणे करण्यास त्यांना पाठविण्यात आले, आणि त्यानंतर ता. ५ जून १८७३ रोजी तहावर सुलतानाची सही होऊन तेथील बाजार बंद झाला. बाजार बंद झाला म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. आता समुद्रावर पकडल्या जाणाऱ्या गुलामांना हिंदुस्थानात न आणता आफ्रिकेतच ठेवावे, त्यांच्यासाठी मोंबासाजवळ वसाहत करावी, आणि ती वसाहत उभारण्यास शरणपुरास शिकलेले आफ्रिकी तरुण न्यावे, असा विचार फ्रियरसाहेबांनी मांडला. सोसायटीने तो उचलला. १८७४ च्या नोव्हेंबरात प्राइससाहेब मोंबासास उतरले. पुढल्या वर्षी बेटासमोरच्या मुख्य भूमीवर जागा विकत घेतली. आणि मुंबई व नासिक येथून सुमारे दीडशे माणसे या कामासाठी तिकडे गेली. त्यांना तेथे ‘मुंबईकर आफ्रिकन’ असे नाव पडले. शरणपूरचा आश्रम त्यामुळे बंद झाला.

येथे क्षणभर थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. हे लोक स्वयंसेवक होते काय? ज्याला प्रथम कोणीही न विचारता घरातून उचलले, दुसऱ्यांदा कोणीही न विचारता मुंबईस उतरविले, त्याला तिसऱ्या वेळी “चलतोस का?” असे विचारण्यात आले, ही गोष्ट लहान नाही. परंतु विचारणारा पालनकर्ता आणि उत्तर देणारा पोरका असला म्हणजे ‘नाही’ हा शब्द तोंडातून किती मोकळेपणाने निघतो, हे ज्याने कोणाच्या घरी आश्रित म्हणून दिवस काढले असतील त्यासच विचारावे. माझे मत असे की, काही मनापासून गेले, काही उपकाराच्या ओझ्याने गेले, आणि काहींना जाण्यावाचून दुसरी वाट दिसली नाही. तिघांनीही काम मात्र सारखेच केले.

दुसराही एक गैरसमज आहे. त्यांना मायदेशी परत पाठविले, असे त्या काळच्या लेखांतून मोठ्या समाधानाने सांगितलेले आढळते. पण मायदेश कोणता? त्यांतील कित्येक याओ जातीचे होते. त्यांचा मुलूख न्यासा सरोवराकडे, मोंबासापासून शेकडो मैल दूर. मोंबासाच्या आसपासचे लोक निराळे, त्यांची बोली निराळी, बंदरात चालणारी स्वाहिली भाषा निराळी. सुरगाण्याच्या एखाद्या कोकणा मुलास बालपणी परमुलखी नेले, आणि मोठेपणी मद्रासेस उतरवून “हा घे तुझा हिंदुस्थान” असे म्हटले, तर त्याला जसे वाटेल तसेच ते होते. पाटलोण घालणारे, इंग्रजी बोलणारे, पुस्तक वाचणारे हे काळे लोक पाहून किनाऱ्यावरच्या लोकांनी त्यांना परकेच मानले. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचा ‘परदेशी’ हा शब्द येथे अगदी योग्य लागू पडतो. ते जन्मभूमीच्या खंडात गेले. पण परदेशातच गेले.

आता बांधकामाकडे वळू. नासिककडे घर बांधावयाचे तर काळा दगड हाताशी असतो. तो फोडावयास कठीण, पण एकदा बसला की पिढ्यान् पिढ्या हलत नाही. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो नाही. तेथील दगड म्हणजे समुद्रातील पोवळ्यांचा झालेला पांढरट, सच्छिद्र खडक. तो छिन्नीला लवकर दाद देतो. त्याच खडकाचे तुकडे लाकडांच्या ढिगावर भाजून चुना करतात. कडी-वाशांसाठी साग नाही. खाडीच्या चिखलातील खारफुटीचे सरळ सोट तोडून आणावयाचे. त्यांस तेथे ‘बोरिती’ म्हणतात. या सोटांची लांबी बेताचीच असल्यामुळे त्या किनाऱ्यावरील जुन्या घरांच्या खोल्या लांब असल्या तरी अरुंद असतात. माणसाने खोली किती रुंद करावी हे तेथे झाडाने ठरविलेले आहे. छपरास कौले नव्हेत, तर माडाच्या झावळ्या दुमडून व शिवून केलेली ‘मकुती’. गरिबाचे घर म्हटले म्हणजे काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर चिखलाचा गिलावा. हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल, कारण कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून केलेले घर सुरगाणे तालुक्यात अनोळखी नाही. नासिकचा गवंडी तेथे गेला तेव्हा त्याला दगडाचे काम नव्याने शिकावे लागले असेल. पण कुडाचे घर पाहून त्याला आपण फार दूर आलो आहो असे वाटले नसेल.

जमिनीवर झाडी होती. ती तोडावी लागली. रस्ते आखले, राहण्याची घरे झाली, शाळा झाली, प्रार्थनेची जागा झाली. हे होते न होते तोच १८७५ साली आरमाराने सोडविलेली माणसे शेकड्यांनी तेथे येऊ लागली. ती उपाशी, आजारी, भेदरलेली. कोणाला एक भाषा येते, कोणाला दुसरी. त्यांना जेवू कोणी घालावे, शेतीस कोणी लावावे, मुलांना अक्षरे कोणी शिकवावी? साहेब मंडळी थोडी, आणि तापाने वारंवार अंथरुणास खिळलेली. तेव्हा हा भार मुख्यत्वे त्या मुंबईकर आफ्रिकनांवर पडला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते स्वतः असेच बगल्यातून उतरले होते. समोरच्या पोराच्या डोळ्यांतील भीतीचा अर्थ त्यांना दुभाष्यावाचून समजत असला पाहिजे.

येथवर वाचून कोणास वाटेल की, सर्व मोठे सुरळीत झाले. तसे झाले नाही, आणि ते लपविणे योग्य होणार नाही. पगाराचा तंटा आरंभापासून होता. शरणपुरात शिकविले होते की, देवाच्या दृष्टीने सर्व माणसे सारखी. येथे पाहिले तो एकाच शाळेत शिकविणाऱ्या गोऱ्या व काळ्या माणसांच्या वेतनात, घरात आणि मानात मोठे अंतर. त्यांनी तसे बोलून दाखविले. उत्तरादाखल त्यांना गर्विष्ठ म्हणण्यात आले. शिक्षणाने बिघडलेले, असाही शेरा मिळाला. (हा शेरा आपणांस अपरिचित नाही. आपल्या तालुक्यातील शिकलेला मुलगा मजुरीचा दर विचारू लागला म्हणजे त्यालाही हेच ऐकावे लागते.) याहून वाईट गोष्ट म्हणजे, पुढे काही वर्षे वसाहतीच्या लौकिक व्यवस्थापकाने शिस्तीच्या नावाखाली फटके व कोठडी यांचा अवलंब केला. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी वसविलेल्या गावात चाबूक! बातमी बाहेर फुटली, बोभाटा झाला, व्यवस्थापकास जावे लागले, आणि १८८१ च्या सुमारास वृद्ध होत चाललेल्या प्राइससाहेबांना घडी नीट बसविण्यासाठी पुन्हा मोंबासास यावे लागले. गाव बांधणे व गावात न्याय नांदविणे ही दोन निराळी बांधकामे आहेत. पहिले ओळंब्याने तपासता येते, दुसऱ्यास तसे साधन नाही.

या मंडळींत विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर या दोघांची नावे विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. फ्रियरटाऊन वसण्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे १८६४ साली, ते आपल्या पत्नींसह शरणपूरच्या शिक्षणानंतर मोंबासाजवळील रबाई येथे कामावर गेले होते. तेथे त्या वेळी योहान्नेस रेबमान हा जर्मन मिशनरी दिवस कंठीत होता. किलिमांजारो पर्वताचे बर्फ १८४८ साली पाहून त्याची वार्ता युरोपात कळविणारा तो हाच. पुढे त्याची दृष्टी अधू झाली. ता. ३१ मे १८८५ रोजी, त्रैक्याच्या रविवारी, बिशप हॅनिंग्टन यांनी फ्रियरटाऊन येथे जोन्स व सेम्लर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्या प्रांतात अशी दीक्षा मिळालेले ते पहिले आफ्रिकी होत.

त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले, तेव्हा जोन्स बरोबर होता. शेवटच्या टप्प्यात बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले व ऑक्टोबरच्या अखेरीस मारले गेले. मागे राहिलेल्या तांड्याची जबाबदारी जोन्सवर आली. अन्न तुटपुंजे, रस्ता शत्रूंचा, आणि माघारी जाऊन सांगावयाची बातमी अशी. त्याने ती माणसे १८८६ च्या फेब्रुवारीत रबाईस परत आणली. तांड्यापुढे निळे निशाण होते, व त्यावर ‘ईखाबोद’ हा शब्द पांढऱ्या अक्षरांत होता. पवित्र शास्त्रातील पहिले शमुवेल, चौथा अध्याय, ज्यांनी वाचला असेल त्यांना त्याचा अर्थ ठाऊकच आहे.

परंतु जोन्सची खरी कसोटी रबाईस लागली, असे मला वाटते. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईच्या आश्रयास येऊ लागले. कायद्याच्या दृष्टीने ते अजून धन्याची मालमत्ता होते, कारण १८७३ च्या तहाने समुद्रावरची ने-आण व बाजार बंद केला होता. मळ्यावरची गुलामगिरी तशीच होती. त्यांना ठेवून घेतले तर धनी हत्यारे घेऊन मिशनावर येतील अशी धास्ती. घालवून द्यावे तर तो पोर पुन्हा साखळीत. वरिष्ठांचे मत डळमळते होते. जोन्स काय करील याविषयी शंका नको होती. जो स्वतः विकला गेला होता तो दाराशी आलेल्याला कसा परत देईल? आश्रितांची संख्या वाढत गेली. अखेर, प्रकरण हातघाईवर येण्याचा रंग दिसू लागला तेव्हा ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी यांनी धन्यांना भरपाई देण्याची तोड काढली, आणि ता. १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे माणसांच्या हाती मुक्ततेचे कागद पडले. कागद भरपाईच्या पैशाने मिळाले, हे खरे. पण तो दिवस उजाडेपर्यंत त्या माणसांना डोक्यावर छप्पर मिळाले होते, म्हणूनच तो त्यांना पाहता आला.

पालकांपैकी काहींनी नासिक शहरातील उंच इमारतींवर गवंड्याच्या हाताखाली बिगारीचे काम केलेले आहे, हे मी जाणतो. अशा इमारतीच्या दाराशी पाटी असते ती मालकाची. फ्रियरटाऊनचेही तसेच झाले. ज्यांनी विचार सुचविला त्या फ्रियरसाहेबांचे नाव गावास मिळाले, आणि ते अन्यायाचे झाले असेही मी म्हणत नाही. परंतु ज्यांनी झाडी तोडली, चुना भाजला आणि पहिली फळी रंधली त्यांची नावे त्या काळच्या अहवालांतून मोठ्या प्रयासाने हुडकावी लागतात. जी सापडतात तीही त्यांची जन्मनावे नव्हेत. वेनराइट, जोन्स, वेलिंग्टन, फरार ही सर्व दिलेली नावे. यांतील फरार हे आडनाव नासिकच्या आरंभीच्या एका मिशनऱ्याचे आहे.

फ्रियरटाऊन आज मोंबासा शहराच्या वाढत्या वस्तीत मिसळून गेले आहे. तेथे रस्त्याच्या चौकात एक जुनी घंटा कमानीत टांगलेली आहे. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली म्हणजे ती वाजवीत, असे तेथील लोक सांगतात. गावात निघालेले धर्मशिक्षणाचे विद्यालय १९३० साली डोंगराळ प्रदेशात लिमुरू येथे गेले, आणि आता ते विद्यापीठ झाले आहे. शरणपुरात शिकवावयास आलेल्या कोणासही हे स्वप्नात दिसले नसेल.

या सर्वांत अखेरपर्यंत मागे राहिला तो मॅथ्यू वेलिंग्टन. त्याचे जन्मनाव चेंग्विंबे, जात याओ. बालपणी विकला गेला, समुद्रावर सुटला, नासिकास शिकला, लिव्हिंग्स्टनचे प्रेत खांद्यावरून किनाऱ्यास आणणाऱ्यांत होता, आणि पुढचे आयुष्य त्याने मोंबासाकडे काढले. १९३० साली त्याच्या जीवनावर एक लहान इंग्रजी पुस्तक निघाले, तेव्हा त्या सफरीतील हयात असलेला तो एकटाच, असे त्यात म्हटले होते. १९३५ साली मोंबासास तो वारला. आमच्या विद्यार्थ्याला मी हे सर्व सांगितले तेव्हा त्याने एवढेच विचारले, “गुरुजी, त्याला मराठी येत होती का हो?” नासिकास वाढलेल्या मुलाच्या कानावरून ती गेल्याशिवाय कशी राहील, असे मी म्हणालो, परंतु साठ वर्षांनंतर मोंबासात ती तो कोणाशी बोलणार होता, हे मात्र मलाही सांगता आले नाही.